मंडळीचे गायन : या चुका टाळा

उपासनेतील गीते म्हणजे उशिरा येणारे लोक आसनस्थ होईपर्यंतचा वेळ भरून काढण्याची सोय, असा समज सोलापुरातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) मला दिसतो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निपजतात. बायबलमधील, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्तोत्रे व गीते गाण्याचा उल्लेख एकमेकांना शिकवण्याच्या व बोध करण्याच्या आज्ञेला जोडूनच येतो. म्हणजे बाकावर बसून गाणारा प्रत्येक जण शेजाऱ्याला काही सांगत असतो. चौथ्या शतकातील लावदिकीया (आजच्या तुर्कस्तानात) येथील धर्मपरिषदेने नेमलेल्या गायकांखेरीज कोणी मंडळीत गाऊ नये असा नियम केला होता. जर्मनीत १५२४ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या पुढाकाराने गीतसंग्रह छापले गेले, तेव्हा सामान्य उपासकाला स्वतःच्या भाषेत गाता येऊ लागले. आज आपण कोणताही नियम न करता, केवळ की-बोर्ड आणि माईक यांच्या जोरावर, मंडळीचे तोंड पुन्हा बंद करत आहोत.

सर्वांत मोठी चूक स्वर उंच धरण्याची. ध्वनिमुद्रणातील गायक आपल्या गळ्याला शोभेल अशा पट्टीत गातो, आणि आमचे वादक यूट्यूबवर पाहून तीच पट्टी जशीच्या तशी उचलतात. एका मंडळीत पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) पहाटेच्या उपासनेला मी हजर होतो. गीत सर्वांच्या पाठातले होते, त्यामुळे पहिली ओळ जोमाने उठली. ध्रुवपदाचा वरचा स्वर येताच मात्र पुरुष एक सप्तक खाली उतरले, स्त्रियांनी एकेक करून गाणे सोडले आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत माईकवरचे तिघेच उरले. कोणीतरी खूण केल्यावर वादकाने पट्टी बदलण्याचे बटण कडव्याच्या मध्येच दाबले, तेही उलट्या दिशेने, आणि गीत आणखी वर चढले. पाळकांनी शेवटी प्रार्थना सुरू करून सर्वांची सुटका केली. उपासनेनंतर त्या तरुणाचे म्हणणे असे, की लोकांनी सराव करायला हवा. पहाटे साडेपाचला, झोपेतून नुकत्याच उठलेल्या गळ्याकडून ही अपेक्षा!

माझी सवय अशी आहे की गीताचा पहिला स्वर न पाहता सर्वांत वरचा स्वर आधी शोधावा आणि तो स्त्रियांच्या आवाजात पेटीच्या वरच्या सप्तकातील पांढरी दोनच्या (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) पुढे जाणार नाही अशा बेताने षड्ज (सा) ठरवावा. पुरुष तेच गीत एक सप्तक खाली गातात, म्हणून त्यांनाही ते जड जात नाही. पट्टी ठरली की गीतपुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावी. बटणावर विसंबणाऱ्या वादकाला मी आधी पेटीवर बसवतो, कारण पट्टी बदलताना बोटांना कष्ट पडल्याशिवाय कानाला फरक कळत नाही.

माईक गायनमंडळातील सर्वांपुढे ठेवू नका; पुढे होऊन गाणाऱ्या एकाचा पुरे. ढोलकी शब्दांवर चढत असेल तर वादकाला मागे बसवा.

दुसरी चूक मला अधिक खुपते, कारण ती निव्वळ उतावीळपणाची आहे : दर रविवारी नवे गीत. ज्यांनी ते आठवडाभर मोबाईलवर ऐकले ते चौघे गातात आणि बाकीचे पडद्यावरचे शब्द वाचत उभे राहतात. वास्तविक न येणारे गीत म्हणवून घेण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६४५ च्या उपासना-मार्गदर्शिकेने, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्तोत्राची ओळ आधी वाचून दाखवावी आणि मग सर्वांनी ती गावी, अशी सोय सुचवली होती. आपल्याला तर इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. भजनात एकाने ओळ म्हणायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले ते हेच ओळखून. तेलुगू किंवा कन्नड घरातून आलेली, मराठी वाचताना अडखळणारी माणसे आमच्या मंडळ्यांत काही कमी नाहीत; ओळ आधी कानावर पडली की तीही गातात. म्हणून नवे गीत मी महिन्यात एकच घेतो, उपासना सुरू होण्यापूर्वी वाद्यांशिवाय ओळीओळीने म्हणवून घेतो आणि पुढचे तीन रविवार तेच ठेवतो. युवक संघाला हे कंटाळवाणे वाटते. वाटू द्यावे.

वेळ वाचवण्यासाठी मधली कडवी गाळणे हीदेखील वाईट खोड आहे. अनेक गीतांत पहिल्या कडव्यात पाप, मधल्यात क्रूस आणि शेवटी आनंद असा क्रम असतो. मधले गाळले की आनंद कशाचा, हे गाणाऱ्याला कळत नाही. वेळ वाचवायचाच असेल तर गीताआधीचे निवेदन गाळावे.

पडद्यावर पुढची ओळ आधीची संपण्यापूर्वी यायला हवी, आणि शुद्धलेखन कोणीतरी शनिवारी तपासलेले असावे.

राहिला लयीचा प्रश्न. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये छापलेल्या गायनाच्या सूचनांत गीत ओढत गाऊ नका, असे बजावले होते, आणि तो दोष अजून गेलेला नाही. मोठी मंडळी आपोआप मागे रेंगाळते. तिच्यासाठी तबलजी थांबला की ती आणखी रेंगाळते. ठेका सोडू नये, आवाज मात्र कमी करावा, म्हणजे लोक एकमेकांना ऐकू लागतात आणि दोन ओळींत समेवर येतात. त्याऐवजी जोरात वाजवून त्यांना ओढून आणण्याचा प्रयत्न केला, तर ते गाणेच सोडून देतात.