बाळंतिणीच्या ताटात जवस अन् मासोळी कशी घ्यायची

माझ्या बाळंतपणात घरच्यांनी मासोळी बंद केली, अंडं बंद, जवसाची चटणी तं "गरम पडते" म्हणून पहिल्याच दिवशी बंद. अन् मग मेडिकलमधून मेंदूच्या विकासासाठी म्हणून पावडरचा महागडा डबा आणला! म्हणजे लेकराच्या मेंदूला जे लागते तेच ताटातून काढलं नं.

मेंदूला लागणारं डीएचए नावाचं ओमेगा ३ फॅट पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत अन् जन्मल्यावर पहिल्या दोन वर्षांत भराभर जमा होते, जन्मल्यावर ते आईच्या दुधातून येते, अन् दुधात किती उतरते ते बरंचसं आईच्या खाण्यावर असते. म्हणून चिकाचं दूध फेकू नका, ६ महिने फक्त अंगावरचं दूध, वरून पाणीही नाही. मध तं वर्षभर चाटवायचाच नाही, कोणी कितीही म्हणो.

आता जवस. मंद आचेवर तडतडू द्या, दाणा बोटात चुरला की उतरवा, थंड झाल्यावर लसूण, जिरं, तिखट, मीठ टाकून मिक्सरला फिरवा. आख्खा दाणा चावला गेला नाही तं जसाच्या तसा बाहेर पडते, काही फायदा नाही. आठ दिवसांपुरतीच करा, कुटलेलं जवस लवकर खवट होते. जेवताना एखाद-दोन चमचे पुरे.

पण नुसत्या जवसावर भागत नाही, त्यातल्या ओमेगा ३ पासून शरीर डीएचए थोडंसंच बनवते. दूध पाजणाऱ्या आईला रोज निदान २०० मिलिग्राम लागते, म्हणून खात असाल तं आठवड्यातून दोनदा तलावातली मासोळी घ्या, तळून नको, रस्सा करा. अंड्याच्या बलकातही थोडं असते. माळकरी घर असेल तं शेवाळापासून बनवलेल्या डीएचएच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरला विचारून घ्या. डालडा बंदच.

६ महिने झाले की दूध चालू ठेवून मऊ वरणभात सुरू करा, त्यात अर्धा चमचा तूप किंवा तेल, लेकराचं फॅट कमी करायचं नसते. लेकरू वर्षाचं होईपर्यंत मीठ नाही अन् दोन वर्षांचं होईपर्यंत साखर नाही. अंडं पूर्ण उकडलेलं. मासोळी द्यायची तं मरळीपासून सुरू करा, रोहूत बारीक काटे लय असतात, अन् मरळ असली तरी प्रत्येक घास बोटांनी कुस्करून पाहूनच भरवा.