जन्मदाखल्यात नाव नाही? अमेरिकेच्या कौटुंबिक व्हिसाआधी हे करा

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातल्या व्हिसा मुलाखतीची तारीख आली, की आधी जन्मदाखला पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा बरेचदा कोरीच असते. घोडं तिथेच अडतं. जन्म पुण्यातला असेल तर पुणे महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नाव चढवून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर अनुपलब्धता दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र. आमचं काम यानेच सुटलं.

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट कार्यालयाचंच हवं, पोलीस चौकीचं नव्हे. मराठी कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. आय-८६४ वर, म्हणजे आर्थिक हमीच्या अर्जावर, प्रायोजकाची सही आहे ना, पाहा. मेडिकल मुलाखतीआधी उरका, लसींच्या नोंदी न्या. मेडिकलचा सीलबंद लिफाफा हाती दिला तर फोडू नका. फोटो २ बाय २ इंच, चष्म्याविना.