राखीव जंगलातील सोपी पायवाट: निवड, तयारी आणि चालणे

माहितीफलकावर एखाद्या पायवाटेपुढे ‘सोपी’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की तिथे हातांनी धरून चढावे लागत नाही, दोर लागत नाही आणि वाट चुकण्याचा संभव कमी आहे. ती वाट तुम्हाला, त्या दिवशी, त्या हवेत सोपी जाईल की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. जंगलात पहिल्यांदाच चालायला निघणाऱ्यांना मी एकच कसोटी सुचवेन: आपण सहज जेवढे चालू शकतो, त्याच्या निम्म्या लांबीची वाट निवडावी. उरलेला वेळ आणि उरलेली ताकद थांबण्यासाठी राखून ठेवावी, कारण जंगल जे काही दाखवते ते बहुतेक वेळा थांबलेल्या माणसालाच दाखवते.

वाट निवडताना लांबीपेक्षा एकूण चढाकडे अधिक लक्ष द्यावे. सहा किलोमीटरची सपाट वाट आणि तीन किलोमीटरची सतत चढती वाट यांपैकी दुसरीच अधिक दमवते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरना, एक तास धरावा आणि दर दोन हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे ६१० मीटरच्या, चढाला आणखी एक तास मिळवावा. या हिशेबाने सहा किलोमीटरच्या वाटेवर एकूण १५० मीटर चढ असेल, तर साधारण दीड तास होतो. मात्र हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. सोबत मुले किंवा वयस्कर माणसे असतील, पक्षी पाहायचे असतील, तर आलेल्या आकड्याची दुप्पट करावी आणि त्या वाटेसाठी तीन तास हाताशी ठेवावेत.

हे आकडे फलकावर नसतील, तर नकाशावरून काढता येतात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर असतो. वळणावळणाच्या वाटेवर दोरा ठेवून तो मोजला की अंतर बऱ्यापैकी कळते, पण प्रत्यक्ष वाट त्याहून थोडी लांबच निघते, कारण बारीक वळणे नकाशात येत नाहीत. समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीने आलेल्या असतील तिथे चढ तीव्र आणि जिथे विरळ तिथे सौम्य, एवढे ध्यानात ठेवले तरी नवख्याला पुरते.

शेवटचा प्रश्न पायाखालच्या जमिनीचा. जंगलातली वाट कोरडी असताना आणि ओली असताना दोन वेगळ्या वाटा असतात. उघडी पडलेली मुळे, शेवाळलेले दगड, लाकडी साकव आणि ओल्या पाल्याचा थर ही घसरण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. पाऊस पडून गेल्यानंतर ओढा ओलांडणारी वाट नवख्याने टाळावी. गुडघ्याच्या वर आलेल्या वाहत्या पाण्यात कुणीच उतरू नये, आणि गढूळ पाणी वेगाने वाहत असेल तर गुडघ्याखालीदेखील नको.

राखीव जंगलात सगळीकडे फिरता येत नाही, आणि त्यामागे कारण आहे. युनेस्कोच्या ‘मानव आणि जीवावरण’ या १९७१ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून गाभा क्षेत्र, त्याभोवतीचे बफर क्षेत्र आणि बाहेरचे संक्रमण क्षेत्र अशी विभागणी जगभर परिचित झाली. गाभा शक्य तितका निर्मनुष्य ठेवायचा आणि माणसांचा वावर कडेच्या भागात मर्यादित करायचा, हे तिचे सूत्र आहे. म्हणूनच सोप्या वाटा बहुधा जंगलाच्या कडेने आखलेल्या असतात. विणीच्या हंगामात किंवा वणव्याच्या दिवसांत एखादी वाट बंद असेल, तर पलीकडे कुणी दिसत नाही म्हणून अडसर ओलांडू नये. जमिनीवर अंडी घालणारा पक्षी एका चाहुलीने घरट्यावरून उडतो आणि तेवढ्या वेळात अंडी गार पडतात किंवा एखाद्या शिकाऱ्याच्या नजरेस पडतात. निघण्यापूर्वी प्रवेशद्वाराशी चौकशी करण्याची दोन मिनिटे कधीही वाया जात नाहीत.

सामान थोडेच लागते. दर तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी, उन्हात त्याहून अधिक, थोडे खाणे, पावसापासून आणि गारठ्यापासून वाचवणारा एक पातळ थर, शिट्टी, बॅटरी आणि लहानशी प्रथमोपचार पेटी. भरदुपारी निघतानाही बॅटरी घ्यावी, कारण दाट झाडीत अंधार उघड्या रानापेक्षा बराच लवकर होतो. सुती कपडे घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि थंड हवेत अंगातली ऊब काढून घेतात, म्हणून लवकर वाळणारे कपडे बरे. बुटांबाबत मात्र मी आग्रही आहे: नवे कोरे बूट घालून जंगलात जाऊ नये. ते आधी काही दिवस रोजच्या चालण्यात वापरून पाहावेत, आणि घेताना बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे का ते तपासावे, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि जागा नसेल तर नखे दुखावतात. फोनमधील जीपीएस नेटवर्क नसतानाही स्थान दाखवते, पण नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा लागतो. कुठे जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू, हे घरी कुणाला तरी सांगून निघावे.

चालताना वेग असा ठेवावा की बोलताना पूर्ण वाक्य न तुटता म्हणता यावे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. समूहाने जात असाल, तर सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे; तो मागे राहिला की इतर जण थांबून विसावा घेतात आणि तो पोहोचताच निघतात, म्हणजे ज्याला विसाव्याची खरी गरज असते त्यालाच तो मिळत नाही. चढावर आणि उतारावर पावले लहान टाकावीत. उतारावर गुडघे किंचित वाकलेले ठेवले म्हणजे धक्का मांड्यांचे स्नायू पेलतात. वाटेत चिखल आला तर कडेच्या गवतातून वळसा घालू नये, सरळ चिखलातून जावे. प्रत्येकाने कड तुडवली की वाट रुंदावते, झाडोरा मरतो आणि उघडी पडलेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. बूट धुता येतात.

आता थांबण्याविषयी, कारण सोप्या वाटेचे खरे सुख तिथे आहे. माणूस चालत असतो तेव्हा त्याच्या पुढे पुढे जंगल गप्प होत जाते. म्हणून एखाद्या ओढ्याच्या काठी किंवा झाडी आणि मोकळे रान जिथे मिळतात तिथे वीस मिनिटे न बोलता बसावे. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही. मग एखादा पक्षी पुन्हा बोलू लागतो, पाल्यात खुडबुड ऐकू येते, आणि आधी नुसते हिरवे दिसणारे रान हळूहळू वेगवेगळ्या पानांचे, सालींचे, कोळ्यांच्या जाळ्यांचे होत जाते. यासाठी सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास सर्वांत चांगले. प्राणी दिसलाच तर जागेवरच राहावे, त्याला खाऊ घालू नये, आणि तो आपल्यामुळे चरणे सोडून टक लावून पाहू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून सावकाश मागे सरावे.

वाट चुकल्याची शंका आली तर थांबावे आणि शेवटची खूण दिसली होती तिथपर्यंत, ती वाट नक्की आठवत असेल तरच, मागे जावे. ओढ्याच्या कडेने खाली उतरत राहण्याचा मोह टाळावा, कारण ओढे बरेचदा कड्याशी नेऊन सोडतात. मदतीसाठी मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवावी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ही वेळ तीस सेकंदांच्या आत असेल, तर उंचवटा आणि एकटे उंच झाड सोडून लगेच परत फिरावे.

परतल्यावर अंग तपासावे, विशेषतः गुडघ्यांच्या मागे, काखेत आणि कमरेशी. गोचीड चिकटलेली आढळली, तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावणे किंवा चटका देणे टाळावे. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आल्यास डॉक्टरांना चाव्याविषयी सांगावे. बुटांच्या तळव्यांतली माती आणि कपड्यांना चिकटलेल्या बिया तिथेच झटकून निघावे, म्हणजे एका जंगलातले तण दुसऱ्या जंगलात जात नाही. आणि त्याच दिवशी वहीत अंतर, चढ आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा, कारण चार-पाच वाटांच्या नोंदी जमल्या की पुढच्या वेळी नेस्मिथ यांच्याऐवजी स्वतःच्याच पायांचा हिशेब वापरता येतो.