कूलरचा कुबट वास आणि दुकानातली शिंकाशिंकी
सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४२च्या वर, कूलरशिवाय दुकानात बसणं होतच नाही. पण आमच्या चादरीच्या दुकानात सकाळी कूलर लावला की "काय वास मारालाय ओ" असं गिऱ्हाईकच बोलायला लागलं, वर दोन पोरांचा घसा कायम धरलेला. टाकी उघडून बघितली तर तळाला बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर! त्यातलेच जंतू हवेत येणार ना. आता दर रविवारी हे करतो:

१. प्लग काढायचा (नुसतं बटण बंद नाही), सगळं पाणी सोडून द्यायचं.
२. टाकी ब्रशनं घासायची, कोपरे आणि पंपाची जाळी विसरू नका, घाण तिथंच जास्त.
३. १ लिटर पाण्यात २० मिली साधं ब्लीच, टाकीला आतून लावून १० मिनिटं ठेवायचं, मग दोन-तीनदा धुवायचं.
४. वाळ्याच्या ताट्या उन्हात वाळवायच्या, काळ्या पडल्या असतील तर सरळ बदला, दोनशे-चारशे रुपयांसाठी जीव काढू नका.

रोज बंद करताना आधी पंप बंद, पंखा १५ मिनिटं चालू, म्हणजे ताट्या ओल्या राहत नाहीत. आणि समोरची खिडकी उघडी पाहिजेच, नाहीतर तीच दमट हवा आत फिरत बसते. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून आपण जुन्यातच भर घालत राहतो, तेवढं टाळा.

फक्त ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी गॅस होतो.