बिलाचं सोंग घेतलेली फाइल

मुंबईच्या लोहार चाळीतल्या दुकानात दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मेलवर बिलं येत असतात. त्यातलंच एखादं ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ निघतं, म्हणजे बिल नव्हे, उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम. विंडोज मागचं ‘.ईएक्सई’ हे शेपूट लपवतं, आयकॉनही पीडीएफचाच चिकटवलेला, मग फसणारच. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. शेवटी ईएक्सई, जेएस किंवा एससीआर दिसलं तर उघडू नका, आधी पार्टीला फोन.

बिलिंगच्या पीसीवर स्टँडर्ड अकाउंट ठेवा, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करायला पासवर्ड लागेल; अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडेच. तरी काही व्हायरस पासवर्ड न मागताच चालतात. म्हणून टॅलीचा बॅकअप रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि केबल काढा; लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, लॉक करतो. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.