चर्च बंद असताना घरचे धर्मशिक्षण : या चुका टाळा

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ निम्म्याहून अधिक सरला होता. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला आणि ईस्टर १२ एप्रिलला. वसईत आमच्या हयातीत प्रथमच या दोन रविवारांमधल्या पवित्र सप्ताहात चर्चची दारे बंद राहिली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. नोव्हेंबरमध्ये दारे उघडली तेव्हाही दहा वर्षांखालील मुलांनी आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांनी घरीच राहावे, अशी सरकारी सूचना होती. त्यामुळे धर्मशिक्षणाच्या वर्गातील सर्वांत लहान मुले आणि त्यांना क्रुसाची खूण करायला शिकवणारे आजी-आजोबा, असे दोघेही चर्चपासून दूरच राहिले.

या संपूर्ण काळात मी फोनवरून धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होते. मुलांच्या घरांतून जे ऐकू आले, पालकांनी जे प्रश्न विचारले आणि माझ्या स्वतःच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांच्या आधारे हे लिहीत आहे. बहुतेक चुकांचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. चर्च आणि वर्ग या दोन्ही गोष्टी मोबाइलच्या पडद्याच्या साहाय्याने घरात आणण्याच्या धडपडीत आपण इतके गुंतलो, की घराला स्वतःच्या रीतीने जे करता आले असते, ते तसेच राहून गेले.

पडद्यावरची मिस्सा

पहिल्या काही रविवारी मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेसाठी, सर्व कुटुंब आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, मेणबत्ती लावून मोबाइलसमोर बसत असे. पुढे पुढे मात्र मिस्सा सुरू असताना नाश्ता होऊ लागला, कोणी भाजी निवडू लागले, मुले अंथरुणातूनच पाहू लागली, आणि प्रवचन लांबले की ते पुढे सरकवण्याची सोय हाताशी होतीच. याच्या उलट टोकाची घरेही मी पाहिली आहेत. तेथे एकाच रविवारी वसईची, मुंबईची आणि व्हॅटिकनची अशा तीन तीन मिस्सा पाहिल्या जात, आणि तिसऱ्या मिस्सेच्या वेळी मुले कंटाळून भांडू लागली, की त्यांच्यात श्रद्धा उरली नाही, अशी तक्रार होई.

लहान मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर ज्या पडद्यावर त्याची शाळा भरते आणि कार्टून दिसते, त्याच पडद्यावर मिस्साही दिसते. तिचे वेगळेपण त्याला आपोआप कळत नाही. ते मोठ्यांच्या वागण्यातून कळावे लागते. म्हणून रविवारची एकच मिस्सा ठरवावी आणि शक्यतो आपल्याच धर्मग्रामाची, म्हणजे आपल्या भागातील चर्चची, ठरवावी, कारण ओळखीची वेदी आणि ओळखीचा आवाज मुलाला धरून ठेवतो. शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) उतारा घरातल्या एखाद्या मुलाने मोठ्याने वाचावे. एवढ्या एका गोष्टीने माझ्या वर्गातील मुलांमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला, कारण रविवारी तोच उतारा पुन्हा कानी पडला की ती सावरून बसत. मिस्सेत उभे राहण्याच्या वेळी उभे राहावे, गुडघे टेकण्याच्या वेळी टेकावेत आणि उत्तरे ओठांनी द्यावीत. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर स्वीकारण्याच्या, वेळी आध्यात्मिक स्वीकाराची (ख्रिस्ताला मनाने स्वीकारण्याची) प्रार्थना म्हणावी. पोप फ्रान्सिस २०२० च्या मार्च ते मे या काळात व्हॅटिकनमधील सांता मार्ता या आपल्या निवासस्थानातील रोजच्या मिस्सेत हीच प्रार्थना पडद्यासमोरील लोकांसाठी म्हणत असत.

त्याच वेळी मुलांना हेही स्पष्ट सांगायला हवे होते, की ही अडचणीच्या काळातील सोय आहे. रोममधील उपासनाविधी विभागाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल सारा यांनी ऑगस्ट २०२० च्या पत्रात लिहिले होते, की कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. ते ज्या घरांत वेळीच सांगितले गेले नाही, त्या घरांत पुढे काय झाले, ते शेवटी येईलच.

घराचा वर्ग करण्याची चूक

ही चूक प्रथम आम्हा धर्मशिक्षकांची होती, हे मी मान्य करते. वर्गात वापरायची प्रश्नपत्रिका आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवली आणि उत्तरांचे फोटो मागवले. मग दहा आज्ञा कोणी लिहिल्या, हे हस्ताक्षरावरूनच कळू लागले, कारण आईने त्या लिहून काढल्या होत्या आणि मुलाने फक्त चित्र रंगवले होते. घरचे वातावरण मात्र बिघडले. शाळेचा अभ्यास, आईवडिलांचे घरून चालणारे काम आणि त्यात धर्मशिक्षणाचा गृहपाठ, असे ओझे एकाच फोनवर आणि एकाच खोलीत येऊन पडले होते.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा, म्हणजे घरातले चर्च, म्हटले, आणि कॅथलिक कायद्याच्या १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम ७७४ सांगते, की मुलांना शब्दाने आणि उदाहरणाने श्रद्धेत घडवण्याचे कर्तव्य सर्वांत आधी आईवडिलांचे आहे. याचा अर्थ आईवडिलांनी शिक्षक व्हावे असा लावला, की सगळे अडते. कित्येक पालक मला म्हणाले, ‘टीचर, आम्हालाच नीट काही येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ त्यांना येत होते ते त्यांनी मोजलेच नव्हते. आजारी शेजाऱ्याच्या दारात भाजीची पिशवी ठेवताना मुलाला सोबत नेणे, जेवणापूर्वी आभार मानणे, मुलावर उगाच चिडलो तर त्याची क्षमा मागणे, हे धर्मशिक्षणच आहे आणि ते वर्गात देता येत नाही. मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर ‘मला माहीत नाही, आपण फादरांना विचारू’ असे उत्तर द्यायला कोणताही कमीपणा नाही.

या बाबतीत वसईकरांना एक उदाहरण फार जवळचे वाटावे. आपल्या वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह क्रुसावर मारण्यात आले. पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली आणि दोनशेहून अधिक वर्षे तेथील ख्रिस्ती कुटुंबे धर्मगुरूंविना जगली. मार्च १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी तेथील फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ यांना येऊन भेटले आणि आपली श्रद्धाही हीच आहे, असे त्यांनी सांगितले. त्या लोकांकडे वर्ग नव्हते आणि छापील पुस्तकेही जवळजवळ नव्हती. त्यांनी कामे वाटून घेतली होती: एक जण सणवारांचे पंचांग सांभाळी, एक जण बाप्तिस्मा देई आणि प्रार्थना तोंडी पुढच्या पिढीकडे जात. आपल्या घरांत हीच वाटणी उपयोगी पडते. मोठ्या मुलीने उतारा वाचावा, धाकट्याने मेणबत्ती आणि क्रूस मांडावा, वडिलांनी गरजा आठवून त्यांच्यासाठी प्रार्थना सुरू करावी, आजीने आपल्या लहानपणीच्या सणांची आठवण सांगावी. चार वर्षांचे आणि चौदा वर्षांचे मूल एकत्र बसवायचे असेल, तर धडा एक ठेवून चालत नाही, पण प्रत्येकाला काम वेगळे दिले की चालते.

येथे वडिलांविषयी वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते. माळ, म्हणजे जपमाळेवरची (रोझरी) प्रार्थना, सुरू झाली की वडील फोन घेऊन ओटीवर जातात, असे चित्र अनेक घरांत होते. मुलगा ते पाहतो आणि बारा-तेरा वर्षांचा झाला की तोही ओटीवर जातो. त्यावर कोणताही धर्मशिक्षक उपाय करू शकत नाही.

आजार आणि मृत्यू यांविषयी चुकीचे बोलणे

सर्वांत खोल इजा येथे झाली, असे माझे मत आहे. ‘देव आपल्याला शिक्षा करतो आहे’ हे वाक्य मुलांनी घरात ऐकले. ‘आपण रोज माळ म्हणतो, आपल्याला काही होणार नाही’ हेही ऐकले. मग ज्या घरातले आजोबा गेले, त्या घरातल्या मुलाने पुढची पायरी स्वतःच गाठली: आपण नीट प्रार्थना केली नाही म्हणून आजोबा गेले. माझ्या वर्गातील एका मुलाने अशा प्रसंगानंतर कित्येक महिने प्रार्थनेला तोंडच उघडले नाही. तो हट्टी झाला, असे घरच्यांना वाटत होते; प्रत्यक्षात तो स्वतःला दोषी मानत होता.

असे मूल घरात असेल, तर त्याच्यावर प्रार्थनेची सक्ती करू नये. आधी त्याला विचारावे, की आजोबा का गेले असे तुला वाटते. उत्तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय त्याच्यासोबत वाचावा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे. आणि येशू दोन्ही नाकारतो. त्याच शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, लाझारसाच्या कबरीपाशी, येशू रडला. तो त्याला उठवणार होता, तरीही रडला. रडणारा येशू मुलाला दाखवला, की आपल्याही घरात रडायला परवानगी आहे, हे त्याला कळते.

त्या काळात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि कोविडने गेलेल्यांचे शेवटचे दर्शनही अनेकांना झाले नाही. काही कुटुंबांना दफनाऐवजी दहन स्वीकारावे लागले आणि ‘मग पुनरुत्थानाच्या दिवशी काय होणार?’ ही भीती मुलांच्याच नव्हे, तर मोठ्यांच्याही मनात राहिली. कॅथलिक ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलेली आहे. २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी घरात न ठेवता दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवाव्यात, एवढी अट आहे. ज्याने शून्यातून निर्माण केले त्याला राखेची अडचण नाही, हे मुलाला सांगावे. निरोप घ्यायचा राहून गेला असेल, तर तो आजही घेता येतो. फोटोसमोर मेणबत्ती लावून प्रत्येकाने त्या व्यक्तीची एक आठवण सांगावी, मृतांसाठीची प्रार्थना म्हणावी आणि चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा सांगावी. उशीर झाला म्हणून हे टाळू नये.

संस्कारांविषयीचे गैरसमज

येथे संस्कार म्हणजे बाप्तिस्मा, कम्युनियन, प्रायश्चित्त यांसारखे पवित्र विधी. पडद्यासमोर पाव आणि द्राक्षरस ठेवला, तर तो मिस्सेत अर्पण होतो, असे काहींना वाटले. तसे होत नाही. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून पापांची कबुली देता येते का, असेही अनेकांनी विचारले. धर्मगुरूंशी फोनवर बोलून मन हलके करता येते, परंतु प्रायश्चित्त संस्कारासाठी प्रत्यक्ष समोर असणे आवश्यक आहे. मग संस्काराची वाट बंद असेल तर काय करावे? २० मार्च २०२० रोजी व्हॅटिकनच्या संबंधित विभागाने ख्रिस्तसभेची जुनीच शिकवण पुन्हा सांगितली: देवावरील प्रेमापोटी खरा पश्चात्ताप केला, मनापासून क्षमा मागितली आणि शक्य होईल तेव्हा लगेच संस्कार घेण्याचा निश्चय केला, तर गंभीर पापांचीही क्षमा मिळते. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची उजळणी आणि पश्चात्तापाची प्रार्थना, हा परिपाठ प्रत्येक घरात यासाठी असावा. जीव धोक्यात असलेल्या बाळाला धर्मगुरू येऊ शकत नसतील, तर योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती डोक्यावर पाणी ओतून, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. मात्र नंतर धर्मग्रामात त्याची नोंद करावी.

फर्स्ट कम्युनियन पुढे ढकलले गेले, तेव्हा कपडे शिवून तयार होते आणि मुलांपेक्षा पालकच अधिक हिरमुसले. ‘वर्ष वाया गेले’ हे शब्द मुलांसमोर उच्चारू नयेत. वाट पाहणे हाही तयारीचाच भाग आहे, हे नाताळपूर्वीचा आगमनकाळ आपल्याला दर वर्षी शिकवतो.

एकदम फार काही सुरू करणे

भीतीच्या पहिल्या आठवड्यात रोज पूर्ण माळ, करुणेची माळ, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने असे सगळे एकत्र सुरू केलेल्या घरांत, महिनाभरात काहीच उरले नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी २५ एप्रिल २०२० च्या पत्रात मे महिन्यात घरोघरी माळ म्हणण्याची विनंती केली, तेव्हा साधेपणावर भर दिला होता. लहान मुले असतील, तर दहा मण्यांनी सुरुवात करावी, वेळ ठरलेली ठेवावी आणि एखाद्या दिवशी खंड पडला तर त्याची भरपाई करत बसू नये.

दारे उघडल्यावर

काही मुले परत आली नाहीत. ‘घरी बघतो की’ हे उत्तर मोठ्यांकडूनही आले. अशा वेळी पापाची धमकी दिली, तर मूल येते, पण मनाने येत नाही. मला उपयोगी पडलेला मार्ग असा, की रविवारी थेट गर्दीच्या मिस्सेला न नेता, आधी एखाद्या मधल्या दिवशी चर्च रिकामे असताना कुटुंबाने मुलाला घेऊन जावे, बाप्तिस्म्याचे कुंड दाखवावे आणि ‘येथेच तुझ्या डोक्यावर पाणी ओतले होते’ असे सांगावे. ज्यांना चर्चची वाट लांब वाटते, त्यांनी वाडीतल्या क्रुसापासून सुरुवात करावी. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या गावठाणांत असे अनेक क्रूस उभारले गेले आणि लोक तेथे जमून प्रार्थना करू लागले; मे महिन्यात त्यांच्यापाशी आजही माळ म्हटली जाते.

आणि चर्च उघडले म्हणून संध्याकाळची घरातली प्रार्थना थांबवू नये. माझ्या ओळखीच्या काही घरांत ती ऑक्टोबर २०२१ च्या दुसऱ्याच आठवड्यात बंद झाली. एका घरात मात्र टाळेबंदीत सुरू झालेले दहा मणी अजून चालू आहेत. मेणबत्ती मांडणारा तेथला धाकटा आता माळ सुरू करतो, आणि मेणबत्तीचे काम त्याने शेजारच्या लहान मुलीला दिले आहे.