बाइकचं अ‍ॅव्हरेज परत आलं

हडपसर ते शिवाजीनगर रोजचं जाणं-येणं. मध्येच बाइक फार पेट्रोल खायला लागली. गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ झाला, प्लग बदलला, फरक काहीच नाही. मग घरीच मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं, शिवाय आतून घासल्याचा आवाज! ड्रम ब्रेक सतत धरून राहत होता. ब्रेकच्या रॉडच्या टोकाचा नट थोडा थोडा सैल केला, ब्रेक पेडलला दोन-अडीच सेंटिमीटर प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवला. चाक मोकळं झालं. यानंतर ब्रेक नीट लागतोय का, हे आधी गल्लीत हळू चालवून बघाच. टायरमधली हवाही कमी निघाली. ती सकाळी टायर गार असताना तपासायची. आता तेवढ्याच पेट्रोलमध्ये पूर्ण आठवडा निघतो, पूर्वी शुक्रवारीच पंप गाठावा लागायचा.